शेंगांच्या आवाजातली शाळा

आजही दुपारी जेवण झाल्यावर जरा डोळा लागला की मला शेंगा फुटण्याचा आवाज ऐकू येतो. भुईमुगाच्या वाळलेल्या शेंगा. कट्, कट्कट्, मग थोडं थांबून पुन्हा कट्. एकीच्या बोटांतला नव्हे, वीस-बावीस पोरींच्या बोटांतला. त्यामुळं तो आवाज एका जागेवरून येत नाही, खोलीभर हिंडतो. एका कोपऱ्यात मंदावतो, दुसऱ्यात वाढतो. त्या आवाजाखाली पोरींचं बोलणं चाललेलं असतं, पण शब्द कळत नाहीत. वरच्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी खाली उतरलेली असते आणि तिच्यात शेंगांची तांबूस धूळ तरंगत असते, खाली बसायची घाई नसल्यासारखी. मी जागी होते तेव्हा नात म्हणते, "आजी, तू झोपेत अंगठा आणि बोट दाबत होतीस." दाबत असेन बाई. इतक्या म्हाताऱ्या हाताला काय माहीत, शेंगा कधीच्या संपल्या म्हणून.

आमचं गाव पारोळ्याच्या अलीकडं, धुळ्याच्या रस्त्यापासून दोन कोस आत. घरं सगळी धाब्याची, वर मातीची सपाट छतं, एकमेकींना लागलेली. शिडीनं आपल्या धाब्यावर चढायचं आणि छतावरून छतावर चालत निम्मं गाव हिंडून यायचं, असा आम्हा पोरींचा रस्ता. खालून कुणाचं जातं चाललंय, कुणाकडं फोडणी पडली, कुणाचं लेकरू रडतंय, सगळं पायाखाली ऐकू यायचं. आमच्या घराचा आवाज मी डोळे मिटून ओळखत असे. माय कळण्याची भाकरी थापायची, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची, आणि तिच्या हाताची थाप जड होती. चार थापा सरळ आणि पाचवी जरा तिरकी. थंडीच्या दिवसांत कपाशीच्या काड्या पेटवून त्यावर वांगी भाजायची, त्याचा धूर साऱ्या गल्लीत. ते भरीत आणि ती भाकरी. आता दातांना भाकरी चावत नाही, तर सून कुस्करून देते. चव तीच आहे, पण आवाज नाही.

घरात आबा, माय, मी, आणि धुळ्याला शिकायला ठेवलेला माझा मोठा भाऊ, तो सुट्टीला यायचा. आणि गोदा. गोदा म्हणजे माझी वहिनी. हसू नका, माझ्यापेक्षा तीन महिन्यांनी मोठी एवढंच. भावाशी तिचं लग्न लहानपणीच लागलं होतं. रीतीप्रमाणं ती आणखी काही वर्षं माहेरीच राहायची, पण तिची आई गेली, घरात बाईमाणूस उरलं नाही, म्हणून तिच्या वडिलांनी तिला लवकरच आमच्याकडं आणून सोडलं. मला ती "अक्का" म्हणायची. स्वतः मोठी असून. नणंद ना मी! मी चिंचेवरून पडून गुडघे फोडून आले तरी ती म्हणायची, "अक्का, पाणी आणू का?" आणि मी ऐटीत म्हणायचे, "आण." दिवसभर घरात एकटी बसून ती रडायची, म्हणून आबांनी एक दिवस सांगून टाकलं, सुभीबरोबर, म्हणजे माझ्याबरोबर, हिलाही शाळेत धाडा. गावात सुनेला शाळेत धाडणारं आमचं पहिलंच घर. लोक बोलले. आबांनी ऐकून घेतलं.

घरात आम्ही सगळे अहिराणीच बोलायचो. इथं मी बरंचसं शाळेच्या भाषेत लिहिते आहे, कारण वाचणाऱ्याला सोपं जावं. माय तेवढी माझ्याच्यानं बदलवत नाही. ती बोलायची तशीच लिहीन.

शाळा म्हणजे मारुतीच्या देवळामागची एक लांबट खोली. चार इयत्ता आणि एक बाई. बाई धुळ्याच्या, तरुणपणीच एकट्या पडलेल्या, पांढरं लुगडं, पायात करकरणाऱ्या वहाणा. आधीच्या गावात चार इयत्तांना एकदम ओरडून ओरडून शिकवता शिकवता त्यांचा घसा बसला तो बसलाच. आमच्याकडं आल्या तेव्हा त्यांचा आवाज म्हणजे वाळल्या पानावरून कुणी चालल्यासारखा. पहिल्या दिवशी त्या फळ्याजवळ उभ्या राहून बोलल्या, तर मागच्या पोरींना काही ऐकूच गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला चौघी-चौघींत वाटून जमिनीवर गोल बसवलं. एकेका कोंडाळ्यापाशी येऊन त्या धडा हळू आवाजात वाचायच्या, एक प्रश्न टाकायच्या आणि पुढं जायच्या. "मी येईपर्यंत आपसात बोला," म्हणायच्या. "मला उत्तर नको. तुम्हाला काय वाटतं ते एकमेकींना सांगा."

आता माझी नात सांगते, त्यांच्या कॉलेजात 'ग्रुप डिस्कशन' असतं, त्याला मार्क असतात. मी म्हटलं, आम्हाला शेंगा असायच्या. तिला ते कळलं नाही, म्हणून इथं नीट सांगते.

पहिले आठ दिवस आम्ही गप्प. नुसत्या एकमेकींच्या तोंडाकडं बघायचो. मोठ्यानं वाचा म्हटलं तर वाचलं असतं, पाठ म्हणा म्हटलं तर म्हटलं असतं, पण "तुला काय वाटतं" हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं कधी. आणि घरून तक्रारी यायला लागल्या. पोरी रिकाम्या बसतात म्हणे, हातावर हात ठेवून, आणि बाई त्यांच्याकडं बघत हिंडतात. तेव्हा बाई एका संध्याकाळी गल्लीतून चालल्या होत्या. ओट्यावर बायका शेंगा तोडत बसल्या होत्या आणि त्यांचं बोलणं असं काही रंगलं होतं की बाई कोपऱ्यावर थांबून ऐकत राहिल्या. दुसऱ्या दिवशी आम्हाला हुकूम: प्रत्येकीनं घरून पसा-दोन पसे शेंगा आणायच्या. फोडत बसायचं आणि बोलायचं. दाणे घरी न्यायचे. आणि झालं! हाताला काम मिळालं आणि तोंडं उघडली. नजर शेंगेवर असली की कुणाच्या डोळ्यांत न बघता बोलता येतं, एवढीच त्यातली गंमत. घरच्यांची तक्रार मिटली, आणि बाईंना एक लाभ असा झाला की लांबूनच त्यांना आवाजावरून कळायचं. एखाद्या कोंडाळ्यात फोडणं फार नेमानं चाललं की समजायचं, तिथं कुणी विचार करत नाही. आवाज अडखळला, थांबला, की बाई हळूच तिकडं सरकायच्या.

बोलण्याचा एक नियम होता. आपलं म्हणणं सांगायच्या आधी शेजारणीचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं. तिनं मान हलवली तर पुढं जायचं. चुकीचं सांगितलं तर तिनं "नाही, असं नाही" म्हणायचं आणि नीट करून घ्यायचं. तोवर आपली पाळी अडलेली. बाप रे, काय जीव खायचा तो नियम! स्वतःचं बोलायला जीभ नुसती वळवळायची आणि आधी पाटलाच्या केसरचं पुराण सांगा.

केसर आमच्याच कोंडाळ्यात होती. गोरी, नाकात मोरणी, आणि आपलं म्हणणं म्हणजे पंचांचा निकाल अशा थाटात बोलणारी. दुसरी पिंजाऱ्यांची जैबुन. तिचे वडील कापूस पिंजायचे, त्यामुळं तिच्या वेणीत कायम पांढरे तंतू. ती अर्धं हिंदी, अर्धं आमचं बोलायची आणि निम्म्या शेंगा खायची. बाई रागावल्या की म्हणायची, "बाई, सडका था, फेकनेसे अच्छा खा लिया." मग मी आणि गोदावहिनी. घरची सोबत असली की गोदा खुलेल, म्हणून बाईंनी आम्हा दोघींना मुद्दाम एकत्र बसवलं होतं. तिथंच बाईंची चूक झाली. त्यांना नणंद नव्हती की काय कोण जाणे.

कारण वहिनी नणंदेसमोर बोलणार काय? केसरचं म्हणणं सांग म्हटलं तर इतकं छान सांगायची की केसरलाच नवल वाटायचं, आपण एवढं शहाणं बोललो होय. आणि स्वतःची पाळी आली की मान खाली. "अक्का म्हणतात तसंच." रोज तेच. जैबुन चिडवायची, "तेरी अक्का बोलेगी दिन में रात है, तो तू दिया लावशील का गं?" वहिनी हसायची, पण पुढं एक शब्द नाही. बाईंनी आधी वाट पाहिली, मग समजावलं, मग हळूहळू सोडून दिलं. एकदा त्या मला म्हणाल्या, "तुझी वहिनी समजूतदार आहे, पण स्वतःचा विचार जरा कमी पडतो." मी मान डोलावली.

आता जे सांगते ते मी कुणाला सांगितलेलं नाही. संध्याकाळी आम्ही दोघी धाब्यावर वाळत घातलेले बिबडे उचलायला चढायचो. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, हातरुणाएवढ्या पसाऱ्यात घातलेले. वर कुणी नसायचं. पश्चिमेकडं ऊन लांब लांब होत जायचं, छतांच्या कडा पिवळ्या व्हायच्या, आणि खालची गावाची गलबल विहिरीतून आल्यासारखी वाटायची. तिथं वहिनी बोलायची. धड्यावर बोलायची, बाईंच्या प्रश्नावर बोलायची, असं काही बोलायची की माझ्या डोक्यात कधी आलं नसतं. मी बिबडा मोडून खात अर्धवट ऐकायची. आणि दुसऱ्या दिवशी कोंडाळ्यात त्यातलं एखादं माझं म्हणून सांगायची. बाई म्हणायच्या, "वा सुभद्रे!" मग वहिनीची पाळी. "अक्का म्हणतात तसंच." तिचंच तिला परत. तिनं एकदाही माझ्याकडं वेगळ्या नजरेनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

दिवाळीच्या आधी माय खळ्यात घसरून पडली आणि उजवा खांदा दुखावला. हाड शाबूत होतं, पण हात वर जाईना. हळद, शेक, लेप, सगळं झालं. ऐन कपाशी फुटायचे दिवस. माय डाव्या हातानं भाकरी थापायला लागली आणि घराचा तो ओळखीचा आवाज बदलला. एक दिवस ती थापता थापताच आबांना म्हणाली, "दोन्ही पोरी शाळामा जातस, मंग घरनं बठ्ठं काम कोन करी?"

आबा जेवत होते. ते म्हणाले, "दोघींतली एक घरी राहील."

एवढंच. कोण राहील ते बोलायची गरजच नव्हती. लेक शाळेत जाईल, सून घरी राहील. गावात कुणालाही विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं. मी पाहिलं, वहिनी चुलीशी लाकूड सारत होती, ती सारतच राहिली. नंतर धाब्यावर मी म्हटलं, "मी तुला रोजचं सांगत जाईन." ती म्हणाली, "हो अक्का." आणि बिबड्यांची चवड करून, छातीशी धरून, पश्चिमेकडं बघत कितीतरी वेळ उभी राहिली. वाऱ्यानं तिचा पदर उडत होता आणि तो सावरायला हात मोकळा नव्हता.

हे बाईंच्या कानावर गेलं. त्या आबांना देवळापाशी गाठून म्हणाल्या, "भाऊ, काय ठरवायचं ते ठरवा, पण आधी एकदा शाळेत येऊन दोघींना बघा." आबांना बाईंबद्दल आदर होता. "येतो," म्हणाले.

ते येणार त्याच्या आदल्या दिवशी बाईंनी प्रश्न घालून ठेवला होता. एका गावात एकच विहीर. पाणी आटत चाललेलं, घागरींची रांग मोठी. तर आधी कोणी पाणी भरावं? धाब्यावर वहिनी त्यावर पुष्कळ बोलली. तिच्या माहेरचं घर गावाच्या टोकाला, आई गेल्यावर पाण्याला तीच जायची, असं काहीतरी. मी ऐकत होते, पण माझं चित्त होतं दुसऱ्या दिवसावर. आबा येणार, मी कोणता परकर घालू, यावर.

आबा आले. त्यांच्याबरोबर आणखी तिघं-चौघं आले, हातात काम नव्हतं म्हणून. दाराशी बसले. वीस-बावीस पोरी खाली मान घालून शेंगा फोडताहेत हे बघून एक जण म्हणाला, "बाई, ही शाळा का खळं?"

बाई त्यांच्या त्या फाटक्या आवाजात म्हणाल्या, "खळंच आहे काका. जरा लांब बसा, फोलपटं उडतात."

माणसं हसली. बाईंनी आमचंच कोंडाळं पुढं घेतलं. केसरनं मोरणी सावरून सांगितलं, ज्यांनी विहीर खणली त्यांच्या घरच्यांनी आधी भरावं. जैबुननं नियमाप्रमाणं केसरचं म्हणणं सांगितलं, "केसर बोलती, खोदनेवाले पहिले," केसरनं मान हलवली, मग जैबुनचं स्वतःचं: ज्याच्या घरी पाहुणा आला त्यानं आधी. "मेहमान को प्यासा बिठाया तो गाव की नाक गई ना!" दाराशी पुन्हा हसू. मग वहिनीची पाळी. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, समोर सासरे. तिनं जैबुनचं म्हणणं नीट सांगितलं. आणि मग, "अक्का म्हणतील तसंच."

आबांनी बाईंना विचारलं, "सून रोज असंच म्हणते?"

बाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. "हो," म्हणाल्या. "रोज."

"मग ठरलंच की," आबा म्हणाले, रागानं नव्हे, दोर गुंडाळून ठेवल्यासारखं. उठायला त्यांनी गुडघ्यावर हातही ठेवला.

माझ्या शेजारचा शेंगांचा आवाज थांबला. वहिनीच्या बोटांत एक शेंग तशीच धरलेली. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं नाही, बोटांकडंच पाहिलं, नखं पांढरी झाली होती. आणि मी बोलले. आता लोक म्हणतील, काय मोठं मन! तसं काही नव्हतं हो. माझी जागा पक्की आहे हे मला ठाऊक होतं. आबांसमोर जरा उदार व्हायला माझं काही जात नव्हतं. मी म्हटलं, "माझी पाळी आहे. मला आधी वहिनीचं म्हणणं सांगायचंय. तिनं मला घरी सांगितलंय. वहिनी म्हणते, ज्या पोरीला आई नाही तिला आधी पाणी भरू द्यावं. तिची दया यावी म्हणून."

खोलीत कुणीतरी च् च् केलं. आणि माझ्या शेजारून आवाज आला, "नाही. असं नाही."

तो वहिनीचा आवाज होता. मान खालीच, पदर तसाच. पण आवाज चांगला खणखणीत, धाब्यावरचा. "मी दयेचं नाही म्हटलं. मी म्हटलं, लांबून येते तिनं आधी भरावं. जिचं घर विहिरीजवळ आहे ती घागर ठेवून घरी जाऊ शकते, भाकरी टाकून परत येऊ शकते. लांबची बाई रांगेत उभी राहिली की तिचा दिवस तिथंच जातो. तिला परत येता येत नाही. आणि पाणी संपलं तर जवळचीला आधी कळतं, लांबचीला शेवटी कळतं. म्हणून म्हटलं. आई असो नसो."

मग तिला एकदम समोर कोण बसलंय ते आठवलं असावं. तिनं तोंडाला पदर लावला आणि भराभर शेंगा फोडायला लागली. दुसऱ्या कुणाच्याच शेंगा फुटत नव्हत्या. दाराशी बसलेली माणसं गप्प होती. ती शांतता तशी का पडली, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. आमच्या गावच्या विहिरीपासून सगळ्यांत लांब, रिकाम्या घागरी घेऊन, कुणी आपल्या घागरीत पाणी ओतेल म्हणून कोण तिष्ठत उभं असायचं, ते तिथल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. वहिनीच्या मनात तेवढं होतं की नव्हतं, कोण जाणे. मी पुढं तिला विचारलं तेव्हा ती नुसती हसली.

बाई म्हणाल्या, "सुभद्रे, आता परत सांग. नीट." आणि मी सगळ्यांदेखत वहिनीचं म्हणणं शब्द न शब्द सांगितलं, तिनं पदराआडून मान हलवली, आणि मग माझं स्वतःचं काय ते मला काहीच आठवेना. मी म्हटलं, "वहिनी म्हणते तसंच." अख्खी शाळा खदखदून हसली. मीसुद्धा. किती हलकं वाटत होतं त्या दुपारी! घरी जाताना आम्ही दोघी छतांवरून पळत गेलो.

दिवेलागणीला आबा जेवायला बसले. माय डाव्या हातानं वाढत होती. आबा म्हणाले, "सून शाळेत जाईल. सुभी घरी राहील."

माय वाढता वाढता थांबली. "काय बोली ऱ्हायनात? आंडेर घरमा आनि सून शाळामा?"

"सुभी आणखी दोन-चार वर्षांनी दुसऱ्याच्या घरी जाईल," आबा शांतपणे म्हणाले. "शिकली ते घेऊन जाईल. ही इथंच राहणार आहे. ह्या घरात डोकं चालणारं कुणीतरी राहू दे."

दाराआडून वहिनी मायला म्हणाली, कारण सासऱ्यांशी सरळ बोलायची रीत नव्हती, "सासूबाई, आबांना सांगा, अक्कांना जाऊ द्या. घरचं सगळं मी करते."

आबांनी भाकरी मोडली. मायकडं बघूनच म्हणाले, "तिला म्हणावं, दुपारी बोललीस ते मला पटलं. आता बोलतेस ते पटत नाही."

मी पाटावरून उठले. पुढचे चार दिवस मी वहिनीशी एक शब्द बोलले नाही. ती "अक्का, अक्का" करत मागं यायची आणि मी कोठीत जाऊन कडी लावायची. मला वाटायचं, हिला तेव्हा "नाही, असं नाही" म्हणायची काय गरज होती? चुकीचं तर चुकीचं, दयेचं तर दयेचं, मान हलवून मोकळी झाली असती तर सगळं होतं तसं राहिलं असतं. खरं सांगू? आजही एखाद्या दुपारी असं वाटून जातं. मग माझी मलाच लाज वाटते. ती पुढं शिकली, परीक्षा दिल्या, भावाची नोकरी बोदवडला होती तिथं तिनं मुलींना शिकवलं. तिची जुनी पुस्तकं माझ्याकडं यायची, पुड्यांचे कागद यायचे, त्यावर मी माझी अक्षरं वाढवली. हे लिहिते आहे तेही त्याच जोरावर. पण शाळा म्हणाल तर माझी तिथं संपली.

बाई घरी आल्या होत्या. आबा अदबीनं बोलले, पण ऐकलं नाही. जाताना बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "तुम्हा दोघींना मी एका कोंडाळ्यात बसवायला नको होतं. ते मला आधी कळायला हवं होतं." मी म्हटलं, "मला कळत होतं बाई." त्यांनी हात काढला नाही. थोड्या वेळानं त्यांच्या वहाणांचा आवाज गल्लीत लांब गेला.

पाचव्या दिवशी मी मायबरोबर कपाशी वेचायला गेले. सकाळचं कोवळं ऊन, दवानं जड झालेली बोंडं, आणि नजर जाईल तिथवर पांढरं. आवाज म्हणाल तर नाहीच. कापूस वेचायला आवाज होत नसतो. माय डाव्या हातानं वेचत होती, मी तिच्या शेजारच्या ओळीत. दोन ओळी झाल्या, तीन झाल्या. चौथ्या ओळीत माय माझ्याकडं न बघता म्हणाली, "काय सांगतस व तठे शाळामा? इतला दिन गयी, माले कधी बोलनी नही."

मी आधी फुरंगटले. मग सांगायला लागले. विहिरीचंच सांगितलं. माय म्हणाली, "मंग? पाटीलनी पोर काय बोलनी?" मी केसरचं म्हणणं केसरच्या थाटात सांगितलं. "आनि ती पिंजारीनी?" मी जैबुनचं सांगितलं. माय हसली, खांदा धरून हसली. वहिनीचं सांगितलं तेव्हा ती वेचायची थांबली, आणि पुष्कळ वेळ हातातल्या कापसातली काडी काढत राहिली. मी विचारलं, "माय, तुला काय वाटतं?"

"माले?" तिनं मागं वळून पाहिलं, जसं काही मी दुसऱ्याच कुणाला विचारलं. "माले कोन इचारस व? इतला वरीस विहीरवर गऊ, कोनी इचारं नही." आणि ओळ संपेपर्यंत ती खाली मान घालून वेचत राहिली. बांधावर आल्यावर झोळीतला कापूस ढिगावर ओतला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "पहिली कोन, दुसरी कोन, हाई भांडनच कसाले? एकली बाई दोर वढस, म्हनीसन येळ लागस. दोन जनी मिळीसन वढा. घागर अर्धा येळमा वर येस. मंग लांबनी काय नि जवळनी काय."

मी तिच्याकडं बघतच राहिले. "माय, हे कुणीच म्हटलं नव्हतं."

"कसं म्हनतीन? लेकरं शेतस," माय म्हणाली, आणि पुढच्या ओळीला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पाटी-दप्तर घेऊन, शेंगांची पुरचुंडी कमरेला खोचून निघाली. मी अंगण झाडत होते. मायनं तिला दारात थांबवलं. डाव्या हातानं तिचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "बाईले सांगजो, विहीरनं मन्हं काय म्हननं शे ते." मग काल मला सांगितलेलं सगळं तिनं वहिनीला सांगितलं आणि वर म्हणाली, "आनि नीट सांगजो व."

वहिनीनं मान हलवली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मायचा एकही शब्द इकडचा तिकडं होऊ नये म्हणून ओठातल्या ओठात घोकत ती गल्लीतून चालली होती, आणि माय हातातलं काम टाकून, ती वळणाआड होईपर्यंत, दारात उभी होती.